दुधाच्या थेंबातले लोणी

दूध विरजावे, रवीने घुसळावे, की लोणी वर येते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण घुसळण्यापूर्वी हे लोणी असते कुठे? साखर पाण्यात विरघळते, तसे ते दुधात विरघळलेले असते काय? नाही, मंडळी! ते बारीक बारीक गोलकांच्या रूपाने दुधात तरंगत असते; आणि ते पाहताही येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र असेल तर हा प्रयोग मुलांना अवश्य दाखवा. कच्च्या दुधाचा एक थेंब दहा-बारा थेंब पाण्यात मिसळा. त्यातला थोडासा काचपट्टीवर घेऊन वर पातळ काच अलगद टेकवा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नाहीतर मुले त्यालाच लोणी समजतील! वस्तू ४०० पट मोठी दिसेल असे भिंग लावले, की लहानमोठे चकचकीत गोलक दिसू लागतात. अगदी बारीक गोलक जागच्या जागी थरथरतात. ते जिवंत नव्हेत; पाण्याच्या अदृश्य रेणूंचे धक्के त्यांना बसत असतात. स्निग्ध पदार्थालाच चढणारा ‘सुदान’ नावाचा रंग घातला, तर गोलक नारिंगी-तांबडे होतात. हॉलंडमधल्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून दुधातले हे गोलक पाहिले, ते १६७४ साली.

मिलिमीटरचे हजार भाग केले, तर गाईच्या दुधातला सरासरी गोलक त्यातल्या ३-४ भागांएवढा भरतो. म्हशीच्या दुधातले गोलक बहुधा याहून मोठे, शेळीच्या दुधातले लहान. प्रत्येक गोलकाभोवती नाजूक आवरण असते, म्हणून ते एकमेकांत मिसळून जात नाहीत. रवीच्या माराने हे आवरण फुटते, आतला स्निग्धांश एकत्र येतो आणि लोण्याचा गोळा बनतो.

आता शेतकरी बांधवांनो, याचा तुमच्या पैशाशी संबंध काय, तो ऐका. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. दूध स्थिर राहिले की गोलक हळूहळू वर चढतात. मोठे आधी, लहान मागून. म्हणजे कॅनमध्ये वरचे दूध सकस आणि तळचे पातळ होते. दुधाचा भाव फॅटवर ठरत असेल आणि नमुना न ढवळता घेतला, तर एकाच कॅनमधून दोन वेगळे आकडे निघतील. तळचा नमुना गेला तर तुमचे नुकसान, वरचा गेला तर डेअरीचे. म्हणून नमुना काढण्यापूर्वी दूध खालवर नीट ढवळा, आणि समोर उभे राहून ढवळून घ्या. मात्र घुसळल्यासारखे जोराने नको.

दुसरी गोष्ट धारांची. पहिल्या धारा पातळ असतात आणि शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो. वासरासाठी थोडे दूध अवश्य ठेवा. पण काढायचे ते पूर्ण काढा. अर्धवट धार काढून उठलात, तर लोणी कासेतच राहिले म्हणून समजा!