शंका आली तर कळवायचे : पॉक्सो कायदा आणि आपली जबाबदारी

आपल्या मंडळात वर्षभर मुलांची ये-जा असते. बालवर्ग, तबला-पेटीचे शिक्षण, गणेशोत्सवातील नाटकाच्या तालमी, उन्हाळी शिबिर. पालक मुलांना दारात सोडून निर्धास्तपणे जातात, कारण इथली माणसे दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीची आहेत. हा विश्वास मोलाचा आहे. पण याच ओळखीपोटी एखादी गंभीर गोष्ट दाबली जाऊ शकते, हेही मान्य करायला हवे. म्हणून या विषयावर मोकळेपणाने लिहीत आहोत.

कोणी कळवायचे?

लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणाखाली येते. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले आहे किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवले पाहिजे. शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, खेळाचे प्रशिक्षक, शेजारी, आजी-आजोबा, कोणीही याला अपवाद नाही.

न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. त्यामुळे “आधी कार्यकारिणीत चर्चा करू, मग बघू” हा मार्ग आम्हा पदाधिकाऱ्यांना मोकळा नाही. चौकशी करणे, पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम आहे. आपले काम कळवण्याचे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही ती न दिल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

शंका चुकीची निघाली तर?

ही भीती सर्वांनाच वाटते. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असे कायदाच सांगतो. शिक्षा आहे ती कोणाला बदनाम करण्यासाठी, धमकावण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला. मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तरी त्याला शिक्षा नाही.

पुढे काय होते?

पोलीस माहिती लिहून घेतात, तिला नोंद क्रमांक देतात आणि देणाऱ्याला वाचून दाखवतात. २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो. त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे, नोंदीची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषा देण्याची तरतूद आहे. घरी फक्त मराठी बोलणाऱ्या लहानग्याला राज्याच्या भाषेत अडखळत सांगावे लागू नये, यासाठी ही तरतूद आवर्जून मागावी. मुलाची ओळख मात्र कोठेही उघड करायची नाही, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नाही.

प्रशिक्षण कशासाठी?

२०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची आहे आणि त्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यायचे आहे. कारण मूल पहिल्यांदा बोलते तेव्हा समोरचा मोठा माणूस कसा वागतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. काही गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात :

• शांतपणे ऐकावे. “खरं सांगतोस ना?” असे विचारू नये.
• उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.
• “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये. “तुझी काही चूक नाही, मदत करणाऱ्यांना सांगावे लागेल” असे सांगावे.
• मुलाचे शब्द, तारीख व वेळ जशीच्या तशी लिहून ठेवावी.
• ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून समोरासमोर करू नये.
• घटना नुकतीच घडली असेल तर मुलाचे कपडे धुऊ नयेत. तातडीची वैद्यकीय मदत लगेच मिळवावी, तक्रार नोंदवण्यासाठी थांबू नये.

येत्या शिबिरापूर्वी मंडळाचे सर्व शिक्षक व स्वयंसेवक हे प्रशिक्षण घेतील. यात कोणावरही अविश्वास नाही. वर्षानुवर्षे निःस्वार्थपणे शिकवणाऱ्या मंडळींनीच यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे.

“आपल्या माणसांत असे होत नाही” हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी म्हटले आहे. पण ते ऐकून मूल गप्प बसते. त्याऐवजी आपल्या माणसांतच त्याला बोलता यावे, एवढी काळजी घेऊ या.

मुलांसाठी मदत क्रमांक १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२. दोन्ही आजच फोनमध्ये नोंदवून ठेवावेत.