शिडाची नाव एवढी झुकते, तरी उलटत का नाही?



मागच्या मीटिंगमध्ये मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. शिडाची नाव एका अंगावर पार झुकलेली आणि माणसं वरच्या काठावर आरामात बसलेली. "ही उलटत कशी नाही?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून ही माहिती.

अशा नावांमध्ये जे-२४ फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या रॉड जॉनस्टोन यांनी पहिली नाव घरच्या गॅरेजमध्ये बांधून १९७६ मध्ये पाण्यात उतरवली. आज जगभर अशा ५,००० हून जास्त नावा झाल्यात, मुंबईच्या समुद्रातही त्यांच्या शर्यती होतात. लांबी २४ फूट. शर्यतीला साधारण पाच जण लागतात. आत चार जणांना झोपायची जागा, म्हणून सुट्टीत दोन दिवस फिरायलाही तीच नाव चालते.

खरी गंमत पाण्याखाली आहे. नावेचं वजन सुमारे १,४०० किलो, त्यातलं जवळपास ४३० किलो नुसतं शिसं, तेही तळाखालच्या पंखासारख्या कण्यात, म्हणजे कीलमध्ये. वारा शीड ढकलतो, नाव झुकते. पण जितकी झुकते तितकं खालचं वजन तिला परत सरळ ओढतं. कोकणात नावेच्या तळाशी नीरम भरतात, त्यामागेही हाच हिशोब.

आपली सपाट तळाची नाव उलट स्वभावाची. सुरुवातीला अगदी स्थिर वाटते, पण एका मर्यादेपलीकडे झुकली की सावरत नाही, कारण सरळ ओढणारं वजन खाली नसतंच.

मग आपणही कील लावावी का? नाही. जे-२४ ला तरंगायलाच चार फूट पाणी लागतं. उन्हाळ्यात यशवंत सागरच्या काठाला ती गाळातच रुतेल. शिवाय आत पाणी भरलं तर हेच शिसं तिला बुडवतं.

आपण एवढं करू शकतो:
- जाळं आणि मासळीचे क्रेट तळाशी, मधोमध ठेवा. ढीग उंच नको.
- जाळं ओढताना दोघांनी एकाच काठावर उभं राहू नये. बसून ओढा.
- आत आलेलं पाणी लगेच उपसा. ते झुकत्या बाजूला धावतं.
- ढग दाटले की काठ गाठा.
- लाइफ जॅकेट अंगात घाला, बसायला घेऊ नका.

पावसाळा तोंडावर आहे. मासळी उद्याही मिळेल. घरच्यांनाही वाचून दाखवा.

आपला,
सचिव