मधुमेही व करोनाची लस

१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील नागरिकांबरोबरच ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांसाठीही करोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले. मधुमेहींना मात्र अट होती : विकार दहा वर्षांहून जुना अथवा गुंतागुंतीचा असावा, शिवाय रक्तदाबावर उपचार चालू असावेत; आणि तसा नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला हवा. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराची साखर दहा वर्षांपूर्वी तपासली कोणी असणार? मार्चमध्ये तर यांतील पुष्कळजण कारखान्यांच्या तळावरच असतात. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली व दाखल्याची गरज उरली नाही. साखर अनियंत्रित राहिल्यास प्रतिकारशक्ती क्षीण होते. त्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिसने मधुमेहींनाच अधिक गाठले. लस घेतली तरी गोळ्या वा इन्सुलिन चालूच ठेवावयाचे असते.