आधीं संगणक, मग ग्राफिक्स कार्ड

घरांत कांहीं मोठी वस्तु आणावयाची ठरली कीं कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, घ्यावयाची तर एकदांच चांगली घ्यावी, पुनःपुन्हां खर्च नको. दुसरा म्हणतो, आज जेवढें अवश्य आहे तेवढेंच घ्यावें, पुढचें पुढें पाहतां येईल. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य असतें, आणि म्हणूनच वाद लवकर मिटत नाहीं. अलीकडे हा वाद संगणकाच्या खरेदींत हटकून उपस्थित होतो व तो बहुधा एकाच भागापाशीं येऊन अडतो. तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

नवी मुंबईंतील पावणे येथील एका घराची कल्पना करावी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यांतील हें मूळचें गांव आज औद्योगिक वसाहतीच्या नांवानेंच अधिक ओळखलें जातें. तेथील एका कारखान्यांत नोकरी करणाऱ्या गृहस्थांची मुलगी यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेच्या पहिल्या वर्षांत आहे. तिला आराखडे काढण्यासाठीं संगणक हवा आहे. धाकट्या मुलाला त्याच संगणकावर खेळ खेळावयाचे आहेत. दुकानदारानें दिलेल्या अंदाजपत्रकांत एकट्या ग्राफिक्स कार्डाची रक्कम बाकीच्या सर्व यंत्राच्या जवळजवळ बरोबरीची आहे. आई विचारते, "हें कार्ड सहा महिन्यांनीं घेतलें तर चालणार नाहीं का?" मुलगा म्हणतो, "आई, त्यावांचून संगणक कसला!" वडील कांहींच बोलत नाहींत, कारण मुलीच्या पुढच्या सत्राची फी त्याच पैशांतून भरावयाची आहे, हें त्यांना ठाऊक आहे.

अशा वेळीं प्रथम हें समजून घेणें अवश्य आहे कीं, ग्राफिक्स म्हणून जें काम म्हणतात तें नेमकें काय आहे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र हें असंख्य ठिपक्यांचें बनलेलें असतें. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. हें चित्र सेकंदाला साठ वेळां नव्यानें पाठवावें लागतें. म्हणजे एका सेकंदांत बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग पडद्याकडे रवाना व्हावा लागतो. पत्र लिहितांना यांतील बहुतेक ठिपके जागच्या जागीं राहतात, म्हणून हिशेब थोडा असतो. परंतु एखाद्या खेळांत रस्ता, झाडें, सांवल्या व पाण्यावरील प्रतिबिंबें क्षणोक्षणीं बदलत असतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्यानें गणित करून काढावा लागतो. हें गणित सोपें असतें, पण तें एकाच वेळीं लक्षावधि ठिकाणीं करावयाचें असतें. त्याकरितां वेगळ्या घडणीचा गणक लागतो. त्यालाच ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात.

हा गणक संगणकांत दोन रीतींनीं बसवितां येतो. पहिली रीत स्वतंत्र कार्डाची. त्यांत गणकाला स्वतःची स्मृति, म्हणजे मेमरी, असते. स्वतःचा पंखा असतो आणि विजेची स्वतःची तारहि बहुधा असते. दुसरी रीत अंगभूत ग्राफिक्सची. तींत हा गणक लहान आकारांत मुख्य प्रोसेसरच्याच पोटांत असतो आणि संगणकाच्या सामाईक रॅममधूनच आपलें काम भागवितो. दोन्ही रीती जुन्या आहेत. १९९९ सालीं एनव्हिडियाचें जीफोर्स २५६ हें कार्ड निघालें, आणि त्याच वर्षीं इंटेलनें मदरबोर्डावरील चिपमध्येंच ग्राफिक्स सामावून घेतलेला ८१० हा चिपसेट विक्रीस आणला. पुढें २०११ च्या आरंभीं इंटेलच्या प्रोसेसरांत दोन्ही गणक सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आले, आणि त्याच वर्षीं एएमडीनेंहि तसा प्रोसेसर काढला. तेव्हांपासून घरगुती संगणकांत अंगभूत ग्राफिक्स ही नेहमींची बाब झाली.

दोहोंच्या शक्तींत फरक कां पडतो, हें चाळींतल्या माणसास तत्काळ कळेल. सामाईक नळावर एकाच वेळीं दोन बिऱ्हाडांनीं बादल्या लावल्या कीं दोघांचेंहि पाणी मंद येतें. अंगभूत ग्राफिक्सची स्थिति तशीच आहे. मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स दोघेहि एकाच रॅमवर पाणी भरतात. डीडीआर-४ जातीच्या ३२०० वेगाच्या रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर त्यांतून सेकंदाला जास्तींत जास्त ५१.२ अब्ज बाइट वाहूं शकतात. एकच पट्टी लावली तर याच्या निम्मे, म्हणजे २५.६ अब्ज. याउलट २०२३ सालीं आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ४०६० या मध्यम प्रतीच्या कार्डाला स्वतःच्या मेमरीकडून सेकंदाला २७२ अब्ज बाइट मिळतात, आणि त्यांत वांटेकरी कोणी नसतो.

या आंकड्यांतूनच एक व्यवहारी बोध निघतो. ज्याला कांहीं काळ अंगभूत ग्राफिक्सवर काढावयाचा आहे त्यानें सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षां आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्या आणि मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत दाखविलेल्या जोडीच्या खांचांतच त्या बसवाव्या. क्षमता तीच राहते, पण वाट दुप्पट रुंद होते. पट्ट्या त्याच जातीच्या असल्या तर खर्चांत फारसा फरक पडत नाहीं, आणि ग्राफिक्सच्या कामांत मात्र तो डोळ्यांना दिसतो.

आतां अंगभूत ग्राफिक्सकडून काय होतें व काय होत नाहीं, तें पाहावें. लेखन, हिशेब, आंतरजाल, दूरस्थ वर्ग, उत्तम प्रतीचे चित्रपट हीं सर्व कामें तें बिनतक्रार करतें. सपाट आराखडे काढणें, दहा-वीस भागांचें छोटें यंत्र पडद्यावर उभें करून फिरवून पाहणें, एवढेंहि त्यावर होतें. म्हणजे पदविकेच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास अडत नाहीं. जुने व हलके खेळ चालतात. थोडे जड खेळ पडद्याचे ठिपके १२८० बाय ७२० इतके कमी करून चालवितां येतात. कारण तसें केल्यानें ठिपक्यांची संख्या निम्म्याहूनहि खालीं, ९,२१,६०० वर येते. परंतु शेंकडों भागांचें यंत्र, छायाप्रकाशासह रंगविलेलीं त्रिमित चित्रें, अगदीं नवे खेळ आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोठे प्रयोग हीं कामें त्याच्या आवांक्याबाहेरचीं आहेत. तीं ज्याच्या पोटापाण्याचीं आहेत त्यानें थांबूं नये. त्याच्या दृष्टीनें कार्ड हें हत्यार आहे, आणि हत्यारावांचून कारागिराचा दिवस फुकट जातो.

पण बाकीच्यांनीं थांबावें तें कशासाठीं? किंमत उतरेल म्हणून, असें पुष्कळजण सांगतात. हें कारण पुरतें भरंवशाचें नाहीं. २०२० च्या अखेरीपासून जगभर कार्डांचा तुटवडा पडला. चिपांची टंचाई होतीच. त्यांत इथेरियम नांवाचें आभासी चलन मिळविण्याकरितां लोकांनीं कार्डांच्या रांगाच्या रांगा रात्रंदिवस चालविल्या. छापील किमतीला कार्ड मिळणें दुरापास्त झालें. त्या दिवसांत अंगभूत ग्राफिक्सवर दिवस काढणाऱ्यांचें शहाणपण दिसून आलें. कारण २०२२ मध्यें किमती उतरूं लागल्या, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियमनें आपली पद्धतच बदलल्यावर ती मागणी ओसरली. परंतु २०२५ च्या अखेरीस उलट अनुभव आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनीं मेमरीच्या चिपा इतक्या मोठ्या प्रमाणावर उचलल्या कीं साध्या रॅमचेहि भाव भडकले. ज्यांनीं वाट पाहिली त्यांना अधिक मोजावे लागले. अशा यंत्रांची भूक केवढी असते, याची कल्पना पावणेकरांना दूर जाऊन घ्यावी लागत नाहीं. त्याच पट्ट्यांत महापे, रबाळे व ऐरोली येथें डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या आहेत.

तेव्हां बाजारभावावर पैज लावून थांबणें हा एक प्रकारचा सट्टाच होय. थांबण्याचें खरें कारण निराळें आहे. खरेदीच्या दिवशीं आपली गरज कोणती, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. सहा महिने यंत्र वापरल्यावर तें कळतें. मुलीला कदाचित् असें दिसून येईल कीं तिच्या अभ्यासाला मोठ्या कार्डाची आवश्यकताच नाहीं. किंवा असेंहि दिसेल कीं तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला अधिक मेमरीचें कार्ड लागतें, आणि पहिल्या दिवशीं घाईनें घेतलेलें स्वस्त कार्ड वायां गेलें असतें. तात्पुरत्या सोयीचा हा काळ म्हणजे गरजेची परीक्षा घेण्याचा काळ होय.

मात्र ही परीक्षा फुकट जाऊं नये म्हणून पाया आधींच नीट घातला पाहिजे. ज्याला पुढें मजला चढवावयाचा आहे तो पायाच्या सिमेंटांत काटकसर करीत नाहीं. मुंबईंत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा जवळच्या कोणत्याहि दुकानांत सुटे भाग घेतांना चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट प्रोसेसरच्या नांवांतील शेवटचें अक्षर. इंटेलच्या कोअर आय-५ १२४०० मध्यें अंगभूत ग्राफिक्स आहे. १२४००एफ मध्यें तें नाहीं. एफ अक्षराचा माल थोडा स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळजण तोच उचलतात. एएमडीच्या जुन्या रायझेन ५ ५६०० मध्येंहि ग्राफिक्स नाहीं, ५६००जी मध्यें आहे. २०२२ पासूनच्या रायझेन ७००० मालिकेंत तें बहुतेकांना आहे, पण ७५००एफ सारखे अपवाद आहेतच. फसगत होते ती अशी कीं, मदरबोर्डाच्या मागें पडद्याची तार लावण्याचें भोंक दोन्ही वेळां दिसतें. प्रोसेसरांत ग्राफिक्स नसेल तर त्या भोंकांतून चित्र मात्र येत नाहीं. सारें यंत्र जोडून झाल्यावर पडदा काळा तो काळाच राहतो. एका अक्षराकडे दुर्लक्ष केल्यामुळें थांबण्याची सारी योजना तेथेंच संपते.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लाय. वर सांगितलेल्या आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५ वॉट लागतात, आणि निर्माते एकंदर यंत्राला ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवितात. आज कार्ड नाहीं म्हणून हलका, बिननांवाचा डबा घेतला तर पुढें तो टाकून द्यावा लागतो. तिसरी गोष्ट मदरबोर्डावरील लांब खांच व कॅबिनेटमधील जागा. कार्ड किती लांब बसूं शकेल हें कॅबिनेटच्या वर्णनांत दिलेलें असतें. चौथी गोष्ट रॅमच्या दोन पट्ट्या, ती वर आलीच आहे.

येथें उलट बाजूची चूकहि सांगितली पाहिजे. अंगभूत ग्राफिक्स जितकें जबर तितकें बरें, असें नाहीं. ५६००जी चें ग्राफिक्स चांगलें, पण त्याची आंतली कॅश मेमरी १६ एमबी आहे, तर ५६००एक्स ची ३२. शिवाय कार्डाच्या खांचेकडे जाणारा मार्गहि एक पिढी जुना आहे. ज्याला वर्षभरांत कार्ड निश्चित घ्यावयाचें आहे त्याला लहानसें ग्राफिक्स असलेला पण मूळचा दमदार प्रोसेसरच हिताचा. ज्याला कार्ड बहुधा घ्यावयाचेंच नाहीं, त्यानें जबर अंगभूत ग्राफिक्सकडे जावें.

शेवटीं कार्ड घरीं येण्याचा दिवस उगवतो. त्या दिवशींचें काम अर्ध्या तासाचें आहे. यंत्र बंद करून विजेची तार काढावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी. कार्ड लांब खांचेंत खट्ट असा आवाज होईपर्यंत बसवून स्क्रूनें आंवळावें. त्याला विजेची तार असेल तर ती जोडावी. मग पडद्याची तार मदरबोर्डावरून काढून कार्डावर लावावी. ही शेवटची कृति विसरणारे पुष्कळ आहेत. तार जुन्याच जागीं राहते, नवें कार्ड रिकामें बसतें, आणि एवढे पैसे घालूनहि कांहींच फरक नाहीं अशी तक्रार सुरू होते. त्यानंतर निर्मात्याचा ड्रायव्हर चढविला कीं काम पुरें झालें. वापरलेलें कार्ड घेणाऱ्यानें मूळ बिल व उरलेली हमी पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

कार्ड आल्यावर अंगभूत ग्राफिक्स निरुपयोगी होतें, असेंहि नाहीं. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलें तर तार पुन्हां मदरबोर्डावर लावावी. यंत्र पूर्ववत् चालूं लागतें आणि परीक्षेच्या तोंडावर कोणाचें काम अडत नाहीं. वीजबिलाचाहि विचार आहे. ११५ वॉटचें कार्ड रोज चार तास पूर्ण जोरानें चाललें तर महिन्याला सुमारें चौदा युनिटें खातें. हा खर्च प्राणांतिक नव्हे, पण जो महिना कार्डावांचून निभतो त्या महिन्याचा तो वांचतो.

पावण्याच्या त्या घरांत मग काय व्हावें? मुलीसाठीं चांगल्या पायाचें यंत्र आजच यावें, तिची फी वेळेवर भरली जावी, आणि धाकट्यानें कांहीं दिवस हलक्या खेळांवर समाधान मानावें. वर्षअखेरीस सर्वांनीं मिळून पाहावें कीं यंत्र कोठें अडलें व किती वेळां अडलें. अडलें असेल तर त्या कामाला योग्य असें कार्ड त्याच खांचेंत बसेल. अडलें नसेल तर तेवढी रक्कम घरांत शिल्लक राहील. आईच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. सहा महिने थांबलें तर चालेल. मात्र पहिल्या दिवशीं प्रोसेसरच्या खोक्यावरचें तें एक अक्षर नीट वाचलेलें असलें पाहिजे.