डाग घालवणारा स्पंज

तुमच्या घरातील विजेच्या बटणांभोवतीची भिंत तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? नसेल, तर आज पाहा. तिथे घरातील सगळ्यांचे हात रोज लागतात. हातांचा घाम, तेल आणि धूळ यांचा काळपट थर तिथे हळूहळू जमत जातो. घरात लहान मूल असेल तर भिंतीवर आणखी एक पट्टा दिसेल. तो जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतो. त्यात पेन्सिलीच्या रेघा असतात, मेणखडूची घरे असतात, बॉलपेनने काढलेले सूर्य असतात.

आमच्या मालेगावच्या घरात हा पट्टा चांगला दहा फूट लांब होता. चित्रकार होती माझी चार वर्षांची मुलगी. घर भाड्याचे होते आणि आम्हाला ते महिनाअखेर रिकामे करायचे होते. घरमालक आले. त्यांनी भिंत पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, रंगाचा खर्च अनामत रकमेतून कापावा लागेल.”

त्याच पैशांतून नव्या घराचे पहिले भाडे द्यायचे, असे आम्ही ठरवले होते. मी त्या रात्री साबणाचे पाणी आणि जुना पंचा घेऊन भिंत घासायला बसलो. धूळ निघाली. रेघा होत्या तशाच राहिल्या. उलट स्वच्छ भिंतीवर त्या अधिकच उठून दिसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका हातगाडीवर मला पांढरे ठोकळे दिसले. दिसायला साबणाच्या वडीसारखे, पण हातात घेतले तर वजनच लागेना. चाळीस रुपयांना दोन. विकणारा म्हणाला, “साबण नको, पावडर नको. पाण्यात भिजवा, पिळा आणि पुसा. कोणताही डाग जाईल.”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ‘कोणताही’ हा शब्द ऐकला की मी सावध होतो. पण अनामत रक्कम डोळ्यांपुढे होती. मी दोन ठोकळे घेतले.

घरी येऊन एक ठोकळा भिजवला, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पाणी काढले आणि भिंतीच्या कोपऱ्यातील एका रेघेवर हलक्या हाताने फिरवला. पेन्सिलीची रेघ चार-पाच वेळा पुसताच गेली. मेणखडूला थोडा जास्त वेळ लागला. बॉलपेनची शाई मात्र सहज हटेना. ती फिकी झाली, पण जवळून पाहिले तर सूर्य अजून दिसत होता. बटणांभोवतीचा काळपट थर तर इतका पटकन निघाला की माझी पत्नी स्वयंपाकघरातून पाहायला आली. आमची भिंत तैलरंगाने रंगवलेली होती, म्हणून हे जमले. ते का, हे पुढे सांगतो.

एक गोष्ट माझ्या मुलीच्या आधी लक्षात आली. “अब्बा, साबण संपतोय!” ती म्हणाली. खरेच, ठोकळ्याचे कोपरे गोल झाले होते आणि त्याचा पांढरा चुरा जमिनीवर पडला होता. तुम्ही वहीत चूक पुसता तेव्हा रबराचा असाच चुरा पडतो ना? हा स्पंजही तसाच झिजत होता. त्याचे गुपित याच चुऱ्यात आहे.

हा स्पंज मेलामाइनच्या राळेपासून बनवतात. हे नाव तुम्हाला अगदीच नवे नाही. लग्नकार्यात किंवा हॉटेलात चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या, पण पडल्या तरी सहसा न फुटणाऱ्या रंगीत ताटल्या असतात. त्यांना आपण मेलामाइनच्या ताटल्या म्हणतो. ताटली आणि स्पंज एकाच घराण्यातले. फरक एवढाच, की ताटलीत ती राळ ठासून भरलेली असते आणि स्पंजात ती फुगवून फेस केलेली असते. या फेसाचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठोकळा घेतला तर त्याचे वजन सुमारे १० किलो भरते. तेवढ्याच पाण्याचे वजन १००० किलो असते. म्हणजे आपण विकत घेतो ती बहुतेक हवाच! पण त्या हवेभोवती जी जाळी असते ती पाहण्यासारखी असते. तिचे धागे केसाहूनही कितीतरी बारीक असतात आणि तरीही कडक असतात. आपल्या बोटांना ते कळत नाहीत, म्हणून स्पंज मऊ वाटतो. डागाच्या दृष्टीने मात्र तो मऊ नसतो. भिंतीवर अगदी सूक्ष्म खाचखळगे असतात. पंचा त्यांच्यावरून सरकून जातो. हे धागे त्या खळग्यांत शिरतात आणि तिथे बसलेला मळ खरवडून काढतात.

थोडक्यात, हा स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपर आहे. सुतार लाकूड गुळगुळीत करतो तोच प्रकार, फक्त फारच नाजूक. साबण का लागत नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल. साबण तेलकट मळाला पाण्यात ओढून नेतो. हा स्पंज कोणाला ओढून नेत नाही, तो सरळ घासून काढतो.

गंमत अशी, की हा फेस सफाईसाठी तयारच केलेला नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत भिंतींवर आवाज आपटून परत येऊ नये, रेल्वेच्या डब्यांत खडखडाट कमी ऐकू यावा, अशा कामांसाठी तो वापरत असत. आजही वापरतात. तो डागही काढतो हे नंतर लक्षात आले. अमेरिकेत २००३ साली तो ‘मॅजिक इरेजर’ या नावाने बाजारात आला. मॅजिक म्हणजे जादू. जादू म्हटले की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो. माझेही तसेच झाले.

‘डाग’ या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. तुमच्या उर्दूतील ‘दाग़’ आणि मराठीतील ‘डाग’ हे एकाच फारसी शब्दापासून आलेले भाऊ आहेत. दिल्लीच्या एका थोर शायराने तर हाच शब्द आपले तखल्लुस म्हणून घेतला. ते दाग़ देहलवी (१८३१–१९०५). आणि मराठीत ‘डागदागिने’ असा जोडशब्द आहे. तिथे डाग म्हणजे अंगावरचा दागिना! तेव्हा प्रत्येक डाग पुसूनच टाकायचा असतो असे नाही. मला ही गोष्ट त्या आठवड्यात आठवायला हवी होती.

भिंत स्वच्छ झाली तशी मला स्पंजाची चटकच लागली. जे दिसेल त्यावर मी तो चालवू लागलो. मुलीच्या पांढऱ्या बुटांच्या रबरी कडा नव्यासारख्या झाल्या. चहाच्या कपात आतून बसलेला तपकिरी थर निघाला. कप मात्र नंतर पाण्याने नीट धुवावा लागतो, कारण स्पंजाचा चुरा पोटात जाऊन चालणार नाही. नळावर बसलेल्या क्षारांच्या पांढऱ्या खपल्यांवर काही उपयोग झाला नाही. त्या लिंबाच्या रसाने विरघळल्या. आतल्या खोलीची भिंत डिस्टेंपरची होती. तिथे तर डागाबरोबर रंगच निघून आला आणि स्पंज आकाशी झाला. तैलरंगाचा थर वाळला की कडक होतो, म्हणून तो घासणे सोसतो. डिस्टेंपर खडूच्या भुकटीसारखा असतो, तो सोसत नाही. तैलरंगाचेही थोडे नुकसान होतेच. उन्हे तिरपी आली तेव्हा मला आमच्या स्वच्छ भिंतीवर एक निस्तेज पट्टा दिसला. डाग गेला होता, पण चमकही गेली होती. घरमालक सकाळी आले, तेव्हा भिंतीवर ऊन नव्हते. त्यांनी सगळे पैसे परत दिले. त्यांना तो पट्टा दाखवावा की नाही, यावर मी आणि माझी पत्नी दोन दिवस बोलत होतो. शेवटी मी फोन करून सांगितले. ते म्हणाले, “राहू द्या. रेघांपेक्षा बरे.”

कपड्यावर हा स्पंज वापरू नका. दस्तरखानावर हळदीचा डाग पडला होता, तो मी घासून पाहिला. स्पंज फाटला, कापडावर बोंडे आली आणि डाग जागेवरच राहिला. कारण उघड आहे. भिंतीवरचा मळ वर बसलेला असतो, पण हळद कापडाच्या धाग्यांत मुरलेली असते. वरून घासून ती कशी निघणार? हळदीचा डाग साबणाने धुतला की तो लालभडक होतो, हे तुम्ही पाहिले असेल. पुष्कळ मुले त्याला घाबरतात. घाबरायचे कारण नाही. हळदीतील पिवळे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कलीत लाल होते. कापड पाण्यात खळबळले, लिंबू पिळले, की ते पुन्हा पिवळे होते. मग ते कापड उन्हात वाळत घाला. हे रंगद्रव्य उजेडात टिकत नाही. दोन-तीन दिवसांच्या उन्हाने डाग फिका पडतो, कधीकधी पूर्ण जातो. सूर्याला चाळीस रुपये द्यावे लागत नाहीत.

अंगावर तर तो मुळीच घासू नका. माझा भाचा बोटावरची शाई काढायला बसला. शाई गेली, तिच्यासोबत कातडीही सोलवटली आणि रात्रभर बोट चुरचुरत राहिले.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी सांगताना मला अजून बरे वाटत नाही. आमच्या घरात अम्मीचे शिलाई मशीन आहे. हाताने चालवायचे, काळ्या रंगाचे, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेले. अब्बा गेले तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर अम्मीने या मशीनवर मोहल्ल्याचे कपडे शिवले. माझ्या शिक्षणाची फी त्यातूनच भरली गेली. इतक्या वर्षांत तेल सांडून सांडून मशीनवर पिवळट तपकिरी थर जमला होता. नव्या घरात ते स्वच्छ होऊनच जावे, असे मला वाटले. अम्मी दुपारी झोपली होती. मी स्पंज भिजवला.

थर भराभर निघू लागला. स्पंज तपकिरी झाला, मग काळपट झाला. मी खूश होऊन जोराने घासत राहिलो. स्पंज उलटा केला तेव्हा त्यावर पिवळे चमकणारे कण दिसले. मी मशीनकडे पाहिले. डाव्या बाजूची तीन फुले नाहीशी झाली होती.

ती फुले कोरलेली नसतात. ती सोनेरी छापाची असतात आणि त्यांच्यावर पारदर्शक रोगणाचा पातळ हात असतो. तेलाचा थर आणि हे रोगण यांत स्पंजाला काही फरक कळत नाही. जे समोर येईल ते तो घासतो. कुठे थांबायचे, हे घासणाऱ्याने ठरवायचे असते आणि मी ठरवले नव्हते. एखाद्या दिसणार नाही अशा जागी, म्हणजे मशीनच्या मागच्या बाजूला किंवा तळाशी, आधी दोनदा पुसून पाहिले असते तरी मला कळले असते. प्रयोगशाळेत मी मुलांना हेच सांगतो.

अम्मी उठली. तिने मशीनवरून बोट फिरवले. काही क्षण ती बोलली नाही. मग तिने सुई लावली, दोरा ओवला आणि एका चिंधीवर टाके घालून पाहिले. “चालतंय,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मशीन दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी मला ओरडण्याऐवजी शिकवले. असल्या जुन्या मशीनला पाणी नको, स्पिरिट नको आणि कसलाही खरखरीत स्पंज नको. मऊ सुती कापडावर मशीनचेच तेल घ्यायचे आणि थरावर लावून रात्रभर ठेवायचे. जुने तेल नव्या तेलाने मऊ होते. सकाळी दुसऱ्या कापडाने हळूच टिपायचे. एका दिवसात होत नाही. आठ-दहा दिवस रोज थोडे थोडे करावे लागते. मी उजव्या बाजूला तसेच केले. तिथली फुले सगळी आहेत आणि थरही गेला आहे.

दुसरा स्पंज अजून आमच्याकडे आहे. तो मी फारसा वापरत नाही. त्याला मशीन हे एक कारण आहे, तो चुरा हे दुसरे. भिंत पुसल्यावर आपण बादली मोरीत ओततो, तेव्हा चुरा दिसेनासा होतो, पण संपत नाही. तो प्लास्टिकच आहे. असा एक ग्रॅम स्पंज झिजला तर सुमारे ६५ लाख सूक्ष्म तंतू सुटू शकतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. ते गटारातून नदीत जातात. आमच्या गावात ती नदी मोसम.

नव्या घरात मशीन खिडकीजवळ ठेवले आहे. परवा अम्मी पडद्यांच्या कडा शिवत होती. उजेड बाजूने येत होता आणि जिथे फुले होती तिथे मशीन काळे नव्हे, करडे दिसत होते. माझी मुलगी शेजारी पेन्सिल घेऊन बसली होती. “दादी, इथे मी फुलं काढू?” तिने विचारले. अम्मीने चाक थांबवले, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “पेन्सिलीनं नको. हिला सोनेरी रंग आणून दे.”