तारा निघाल्या, पांढरे डाग राहिले

रामवाडीची दहावीतली एक मुलगी ओपीडीत तोंडावर हात ठेवूनच हसली. तारा निघाल्या, दात सरळ झाले. पण ब्रॅकेट्सच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग उरले होते. आईने विचारले, "डॉक्टर, ब्लीचिंग करून घेऊ का?"

नको. हा वरून बसलेला डाग नाही. तारांभोवती साचलेल्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच साधारण ५.५च्या खाली गेला, की एनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. ही किडीची पहिली पायरी; ब्लीचिंगने ती भरून येत नाही.

लाळ ही खनिजे हळूहळू परत देते, फ्लोराइड तिला मदत करते. दुधातल्या केसीनपासून केलेले जेलही खनिजे पुरवते. पण फ्लोराइड पेस्टपेक्षा त्याने फार जास्त फरक पडतो, असा ठाम पुरावा नाही. दुधाची ॲलर्जी असल्यास ते वापरूच नये. बरेच डाग काही महिन्यांत फिके होतात. उरलेल्यांवर दंतवैद्य रेझिनचा उपचार करू शकतात.

म्हणून जेलआधी दोन वेळा फ्लोराइड पेस्टने नीट ब्रश करा, येता-जाता गोड खाणे-पिणे टाळा. तारा असतानाच हे जमले, तर हसताना हात तोंडावर जाणार नाही.