सरहद्दीअलीकडचा आवाज : गोवामुक्तीचे भूमिगत रेडिओ केंद्र

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या जंगलातून एक रेडिओ केंद्र बोलू लागले. कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्हॉझ दा लिबरदाद’ अशी त्याची नावे. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या लेखी हे चोरटे, राज्यद्रोही केंद्र होते. तरीही ते सहा वर्षे टिकले.

भूमिगत रेडिओला एवढे आयुष्य क्वचितच लाभते. मुंबईतला काँग्रेस रेडिओ ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी पोलिसांना माग लागू नये म्हणून सतत जागा बदलत, राममनोहर लोहियांसारखे नेते त्यावरून बोलत. पण एका तंत्रज्ञाने फितुरी केली आणि १२ नोव्हेंबरला धाड पडली. अडीच महिन्यांतच केंद्र संपले, उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. धैर्यात दोन्ही केंद्रे तोलामोलाची. फरक पडला तो जागेमुळे. मुंबईचे केंद्र ज्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध बोलत होते तिच्याच पोलिसांच्या हद्दीत होते. आंबोलीपर्यंत मात्र पोर्तुगीज पोलिसांचा हात पोहोचत नव्हता, आणि भारत सरकारने या केंद्राला अटकाव केला नाही.

सरहद्दीचा हा आधार हिंगोली परिसराला चांगला ठाऊक आहे. १९४८ पूर्वी हिंगोली निजामाच्या परभणी जिल्ह्यात होती. पैनगंगा ओलांडली की निजामी अंमल संपे. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. त्या लढ्याचा शेवटही रेडिओवरच जाहीर झाला : १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने हैदराबादच्या नभोवाणीवरून शस्त्रसंधीची घोषणा केली. मराठवाडा मुक्त झाला, तरी गोव्याला आणखी तेरा वर्षे वाट पाहावी लागली.

पोर्तुगालमधल्या सालाझारच्या सरकारने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून गोव्याला वसाहतीऐवजी पोर्तुगालचा ‘सागरपार प्रांत’ ठरवले. वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉरशिप होती आणि ‘एमिसोरा दे गोवा’ हे नभोवाणी केंद्र सरकारच्या हातात होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर भारताने संबंध तोडले आणि आर्थिक नाकेबंदी केली. सीमा बंद झाल्या. गोव्यातल्या माणसापर्यंत बाहेरची बातमी नेण्याचा मार्ग उरला तो हवेतून.

वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस यांनी तो धरला. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त करताना पोर्तुगीजांचे बिनतारी संच हाती लागले होते. त्यांतूनच प्रक्षेपक तयार झाला. पोर्तुगीजांची यंत्रे पोर्तुगीजांच्याच विरोधात बोलू लागली. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या घाटांपैकी आंबोली एक. तिथल्या जंगलात राहून, यंत्र सांभाळत, संहिता लिहीत आणि स्वतःच ती वाचत या तरुणांनी दिवस काढले. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले. मुरगावकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे स्थानक गोव्याच्या अगदी वेशीवर आहे. मिनेझिस पुढे या कामात राहिले नाहीत. भार वामन आणि लिबिया यांच्यावर आला.

लिबिया मुंबईत कायदा शिकलेल्या होत्या आणि त्यांना आकाशवाणीतल्या कामाचा अनुभव होता. कार्यक्रमाचा कस मात्र मजकुरात होता. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे या प्रचाराला रोजच्या रोज उत्तर दिले जाई. गोव्याविषयी भारतीय संसदेत काय बोलले गेले, आशिया-आफ्रिकेतल्या वसाहती कशा स्वतंत्र होत आहेत, हे सांगितले जाई. पोर्तुगीज भाषेचा वापर विशेष शहाणपणाचा होता. कोकणीतून सामान्य गोवेकर गाठता येत असे, तर पोर्तुगीजमधून थेट राज्यकर्ते आणि त्यांचे सैनिक.

डिसेंबर १९६१ मध्ये, भारताच्या लष्करी कारवाईच्या वेळी, या दुसऱ्या श्रोतृवर्गाचे मोल कळले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा संदेश, पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करावी हे आवाहन, याच केंद्रावरून गेले. केंद्र तेव्हा बेळगावला आणले होते. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. ४५१ वर्षांची सत्ता संपल्याची वार्ता वामन आणि लिबिया यांनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून गोव्याला ऐकवली. सोबत पत्रकेही टाकली.

मुक्तीनंतर ‘एमिसोरा’च्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. वामन आणि लिबिया यांनी १९६४ मध्ये लग्न केले. वामन सरदेसाई पुढे पद्मश्रीने सन्मानित झाले. लिबिया लोबो सरदेसाई यांना तोच सन्मान २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर मिळाला.